हे फील्डला, हिशोब सोलापुरात

माझे यजमान सैन्यात. यांना फील्ड पोस्टिंग (सीमेकडच्या, खडतर भागातली नेमणूक) लागली की भत्ता वाढतो, पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) परतले की तो बंद. आमची भांडणं नेमकी त्या परतीच्या महिन्यांतली. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हप्ता, सासूबाईंची औषधं, आणि हे विचारणार, "एवढे पैसे गेले कुठे?"

मग ठरवलं, घर चालणार ते मूळ पगार, महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे (जवानांना महिना ५,२०० रुपये) यांवरच. फील्डचा भत्ता थेट आरडीत. खातं जॉइंट, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. एकाची सही चालते, त्यामुळे हे नेटवर्कबाहेरच्या चौकीवर असले तरी माझं अडत नाही. प्रॉव्हिडंट फंडाला लग्नानंतर नॉमिनी म्हणून माझं नाव लागलंय का, तेही विचारून घेतलं. बायका हे विचारायला लाजतात. विचारा.

खरा गुंता मात्र पैशाचा नव्हताच. वर्षभर निर्णय माझे, आणि हे आले की घरात सुभेदारी सुरू! आता सुट्टीचा पहिला आठवडा हिशोबाचं नाव नाही. जानेवारीत आले तर गड्ड्याच्या यात्रेत फिरायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. मग वही पुढे. दहा हजारांवरचा खर्च दोघांनी ठरवायचा, खालचा माझा मी.

सासूबाईंना हे काही पटलेलं नाही. "कर्त्या पुरुषाने बायकोला विचारायचं?" म्हणतात. हे हसतात, आणि वहीवर सही करतात.