'फालतू' विषयात केटी लागलेल्या बाईचा सल्ला: इतिहास कंपल्सरी असावा का?

दर वर्षी जूनमध्ये माझ्या मावसभावंडांपैकी कोणीतरी एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, जातं आणि मग फोन येतो, ताई हे ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयाला, काय घेऊ, इतिहास घेतला तर चालेल का, सोपा असतो ना. हे सोपा असतो ना ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. कारण मला बी.कॉम.ला अकाउंट्समध्ये केटी (नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा, ती) नव्हती, मॅथ्समध्ये नव्हती, कॉस्टिंगमध्ये तर चक्क 68 होते, आणि केटी लागली ती एफसीच्या, म्हणजे फाउंडेशन कोर्सच्या, इंटर्नलला, इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये. त्या एका 25 मार्कांच्या पेपरापायी टीवायच्या निकालावर आरएलई लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, म्हणजे तुम्ही शेवटच्या वर्षाला सगळ्यात पास असलात तरी खालच्या सेमिस्टरचं काहीतरी राहिलंय म्हणून निकाल अडकतो. कॅम्पसमधून मिळालेली मालाडची बॅक ऑफिसची नोकरी त्यात गेली, त्यांना ऑल क्लिअर हवं होतं. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि तरीही मी म्हणते की इतिहास कंपल्सरी असावा. का ते पुढे येईलच, आधी खड्डा कुठे आहे ते दाखवते.

विषय होता मुंबईतली एक घटना. मी 1982 चा गिरणी संप घेतला कारण आजोबा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हटलं घरचाच विषय आहे. पण घरच्या माणसाला विचारायचं सोडून मी गेले कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्याच्याकडे रेडिमेड प्रोजेक्टच्या सॉफ्ट कॉपी असायच्या, 50 रुपयांत प्रिंट, नाव बदलून. सीनियर म्हणाला होता, एफसीचं कोणी वाचत नाही गं, वजन बघून मार्क देतात. (सीनियरबद्दल माझं मत एकदाच सांगून टाकते. जो सीनियर स्कोअरिंग हा शब्द दिवसातून तीनदा वापरतो त्याचा स्वतःचा रिझल्ट आधी बघायला मागा.)

तर व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी फाइल उघडली आणि एकच वाक्य वाचून दाखवलं. "18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप दीड वर्षानंतर मागे घेण्यात आला." मग विचारलं, कोणी मागे घेतला?

मी म्हटलं, युनियनने. कुठल्या युनियनने? मी गप्प. मॅडम म्हणाल्या, संप पुकारला कोणी ते तरी सांग. दत्ता सामंत, एवढं मला येत होतं. मग त्यांची युनियन मान्यताप्राप्त होती का? मला मान्यताप्राप्त म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. माझ्या आधी सहा जणांच्या फायलीत हेच वाक्य आलं होतं, स्वल्पविरामासकट. सगळ्यांना 25 पैकी 6.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच आहे. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार त्या संघटनेवर, बोनसवरून आणि इतर बऱ्याच गोष्टींवरून, चिडलेले होते म्हणून तर ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. म्हणजे अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्यांच्या मागे होते त्यांच्याशी मालक कायद्याने वाटाघाटी करायला बांधील नाहीत आणि ज्यांच्याशी बांधील आहेत त्यांनी संप पुकारलेलाच नाही. मग मागे घेणार कोण? कोणीच नाही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कोणी गावाला गेलं, कोणी पोटासाठी परत कामावर लागलं, पुष्कळांना परत घेतलंच नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, असा तो विरत गेला. झेरॉक्सवाल्याच्या सॉफ्ट कॉपीने 'मागे घेण्यात आला' एवढं लिहून हे सगळं गिळून टाकलं होतं.

म्हणून माझा नियम, वाटल्यास वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'करण्यात आले', 'देण्यात आली', 'घेण्यात आला' असं जिथे दिसेल तिथे थांबायचं आणि कोणी असं विचारायचं. आपल्या मराठीत ही रचना इतकी सवयीची आहे की डोळा वरून सरकतो. शाळेपासून आपण वाचतो की मुंबई इंग्रजांना आंदण देण्यात आली. कोणी दिली? पोर्तुगालच्या राजघराण्याने, 1661 च्या लग्नाच्या तहात. कोणाला? इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला, ईस्ट इंडिया कंपनीला नव्हे. लगेच ताब्यात मिळाली का? नाही, इथले पोर्तुगीज अधिकारीच द्यायला तयार नव्हते, ताबा मिळेपर्यंत 1665 उजाडलं, आणि मग राजाने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली 1668 मध्ये. एका 'देण्यात आली'च्या पोटात सात वर्षं आणि तीन पार्ट्या बसल्यात. पेपरात तुम्ही एवढं लिहिलंत तर तपासणारा पेन खाली ठेवून वाचेल. तारखा पाठ करून हे येत नाही, आणि तारखा पाठ करायला लागतील म्हणून घाबरू पण नका, माझ्या तर अजूनही लक्षात राहत नाहीत, मी बघून लिहितेय.

तर केटी लागली. आणि केटीचा प्रोजेक्ट पुन्हा सबमिट करायचा तो दिवस मी चुकवला, कारण त्या दिवशी क्लासची टेस्ट होती. हा माझा शुद्ध गाढवपणा. नोटीस बोर्ड वाचा रे बाबांनो, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकेल म्हणून बसू नका.

निकाल अडकल्यावर एकदाची आजोबांसमोर बसले, मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून. म्हटलं, आजोबा संप कधी संपला? आजोबा सुपारी कातरत होते, हात न थांबवता म्हणाले, "संपला कोण म्हणाला गो? मला तर कोणी कळवलं नाही." मला वाटलं मस्करी करतायत. मग लक्षात आलं की मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं आणि ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मोरीच्या बाजूला रोज बसलेलं असायचं.

पण आजोबा बोलले म्हणजे झालं असंही नाही हं. त्यांनी भोंगा किती वाजता व्हायचा ते अगदी मिनिटाला सांगितलं, पण संपात गावाला नक्की कधी गेलो ते दोनदा विचारल्यावर दोन वेगळे महिने आले. मग दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले, जुनं काय काय मिळतं ते बघायला. तिथल्या एका काकांनी मला अख्ख्या तीन वर्षांत कुठल्या प्रोफेसरने शिकवलं नाही ते शिकवलं, की बातमी वाचताना आधी ती कुठून आली ते बघ, मालकांच्या पत्रकावरून लिहिलीय की गेटवर उभं राहून. पाच मिनिटांची गोष्ट. मेंटॉर मेंटॉर करून लोक कोर्स विकतात ना, त्यापेक्षा लायब्ररीतल्या माणसाशी नीट बोला, तो फी घेत नाही.

दुसऱ्या खेपेला 14 मिळाले. ग्रेट वगैरे काही नाही, पास.

आता कंपल्सरीचं. माझी बी.एस्सी. मायक्रोवाली (मायक्रोबायोलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र) मैत्रीण म्हणते, लॅब संपवून चारच्या लेक्चरला मला अश्मयुग कशाला? तिचं बरोबरच आहे. अश्मयुग ते 1947 हे आपण दहावीपर्यंत दोनदा जेवलोय, तेच पुन्हा ताटात वाढणार असाल तर नकोच. आणि कंपल्सरी म्हटलं की गाइड आलं, गाइड आलं की झेरॉक्सवाला आला, हे तर मी भोगलंय. शिवाय सिलॅबस कोण ठरवणार ही भीती पण खोटी नाही, सरकार बदललं की धडे बदलतात हे आपल्याला काय नवीन आहे का. म्हणूनच मी म्हणते पेपर एकच असावा, सगळ्यांना असावा, पण ज्याच्या त्याच्या विषयातून असावा आणि तपासायचं कसं ते शिकवणारा असावा. मायक्रोवालीला 1896 चा मुंबईतला प्लेग द्या. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने इथेच प्लेगची लस बनवली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, हे वाचायला ती चारला काय सहालाही थांबेल.

आणि कॉमर्सवाल्यांना? मी राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत बसून स्टॉक मार्केटचा चॅप्टर वाचलाय आणि मला पत्ता नव्हता की तो टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईच्या पहिल्या मोठ्या शेअर बबलचे हिरो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरमध्ये ओतला गेला आणि 1865 मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. टॉवर मात्र 1878 मध्ये पूर्ण झाला, त्यांच्या आईच्या नावाने. डेरिव्हेटिव्ह्जच्या आधी हे शिकवा ना कोणीतरी! (एनईपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात, आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, आलंय म्हणजे इतिहास झाला असं समजणाऱ्यांनी खुशाल क्रेडिट मोजावेत, पण दोन्ही एक नव्हेत.)

घाबरवतेय असं वाटत असेल तर नाही, खरंच सोपं आहे, फक्त फुकट नाही. मी आता होम लोनच्या विभागात आहे, प्रॉपर्टीचे कागद बघते. ऑफिस लोअर परळला, जिथे एकेकाळी गिरणी होती. मागच्या महिन्यात एका फाइलमध्ये ओळ होती, 'जुन्या भाडेकरूंचा प्रश्न सामोपचाराने मिटवण्यात आला आहे.' बाकी सगळ्यांनी टिक मारली होती. मी पेन्सिलीने बाजूला लिहिलं, कोणी? कोणाबरोबर? कागद कुठाय? फाइल परत गेली, बॉस वैतागला, तीन आठवड्यांनी कळलं दोन भाडेकरूंची केस अजून कोर्टात आहे.

एफवायवाल्यांनी आत्ता एवढंच करा, विषय घरापासून चालत जाता येईल असा निवडा, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच रेकॉर्ड करा, ते चहा मागतात तेव्हा रेकॉर्डिंग बंद करू नका कारण खरं त्यानंतर बोलतात. आणि स्पायरल बाइंडिंगवर पैसे घालवू नका, आमच्या मॅडम व्हायव्हाला पहिलं काय करायच्या तर ते उपसून पानं सुटी करायच्या.