सेटिंग लो करूनही एफपीएस पडत असतील तर

गेम सुरू केला की ९० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स), आणि पंधरा-वीस मिनिटांत चाळीसच्या खाली. ग्राफिक्स लो केले तरी तेच. खरं तर इथेच अर्धं उत्तर मिळतं: सेटिंग उतरवूनही फरक पडत नसेल, तर ग्राफिक्स कार्डाचा दोष बहुधा नसतो. दुकानदार मात्र नवीन कार्डच घ्या म्हणत होता. त्याचं ते ठरलेलंच.

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड-प्रोसेसरचा वापर आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून गेम चालू असतानाच आकडे पाहिले. कार्ड जेमतेम अर्धं वापरात, प्रोसेसर ९० अंशांवर. आमच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरची कमाल मर्यादाच तेवढी आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो.

आम्ही कासारवडवलीचे. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम निघाल्यापासून घरात धूळच धूळ. पॅनल उघडलं तर कूलरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी! ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. एएम४चा (या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) कूलर सरळ ओढू नका, चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी गेम खेळून पीसी तापवा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली.

आता तापमान पंचाहत्तरच्या आसपास, एफपीएस स्थिर. जाता जाता बायोस (पीसीच्या मदरबोर्डची सेटिंग) पाहिलं, तर ३२०० वेगाची रॅम २४००वर चालत होती. रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सेटिंग चालू केली. एफपीएसची सरासरी फारशी वाढली नाही, पण मधले झटके गेले.