खुर्चीत बसल्या बसल्या हरलेली मॅच

पार्लरमध्ये वर्षभर पूल खेळून झालंय, ब्रेक (डाव फोडणारा पहिला फटका) बरा बसतो, चार-पाच बॉल सलग जातात आणि आता कुठल्यातरी ओपन टूर्नामेंटची एंट्री फी भरली आहे, अशांसाठी हे लिहितोय. बॉल कुठे मारायचा हे शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. मी टेबलाशेजारच्या खुर्चीबद्दल बोलणार आहे, कारण माझी पहिली मोठी मॅच मी त्या खुर्चीत बसून घालवली.

ठाण्याला नाइन-बॉल होतं: टेबलावरचा सगळ्यात लहान नंबरचा बॉल आधी लागायला हवा, आणि नऊ घालेल त्याचा रॅक, म्हणजे डाव. रेस टू सेव्हन, म्हणजे आधी सात रॅक घेईल तो जिंकला. स्कोअर सहा-सहा. शेवटच्या रॅकमध्ये सातवर मी सेफ्टी, म्हणजे समोरच्याला शॉट मिळू नये असा फटका, खेळायला गेलो आणि बॉल उघडा पडला. समोरच्याने सात घातला, आठ घातला. नऊ कोपऱ्याच्या पॉकेटपासून वीतभर, व्हाइट, म्हणजे ज्याने मारायचं तो पांढरा बॉल, जवळजवळ सरळ रेषेत. मी मनात शिव्या घालत क्यू, म्हणजे खेळायची आट्यांनी जोडलेली काठी, खोलायला घेतला. दोन-तीन आटे फिरले असतील, तेवढ्यात नऊ पॉकेटच्या दोन्ही कडांवर आपटला आणि तोंडाशी थांबला. मी ताडकन उठलो, क्यू परत पिळला, चॉक लावायला लागलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मॅच संपली. तुम्ही क्यू खोललात."

मला वाटलं चेष्टा करतोय. रेफरी आला, त्याने विचारलं, मी खरं सांगितलं, आणि मॅच गेली. डब्ल्यूपीएच्या, म्हणजे पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हे आहे: निर्णायक रॅक चालू आहे, प्रतिस्पर्धी टेबलावर आहे आणि तुम्ही जोडाचा क्यू खोललात, तर तुम्ही मॅच सोडली असं धरलं जातं. मी तिथे जो तमाशा केला तो आठवला की अजून कान तापतात. "असं जिंकायला लाज वाटत नाही का?" हेसुद्धा बोललो. अर्धा हॉल बघत होता.

ही सवय लागते कुठून, ते नीट समजून घ्या, कारण ती तुम्हालाही असणार. पार्लरमध्ये टेबलचे पैसे वेळेच्या हिशोबाने लागतात आणि बहुतेक ठिकाणी हरेल तो टेबलचे पैसे भरतो. मग नऊ तोंडावर आला की कोण कशाला वेळ घालवेल? "दिला रे, लाव पुढचा रॅक." बॉल हाताने ढकलायचा, क्यू भिंतीला टेकवायचा. वर आपल्याकडचे बरेचजण स्नूकरमधून पूलकडे येतात. तो खेळ १८७५ मध्ये आपल्याच जबलपूरला जन्मला, आणि त्यात पॉइंट पुरणार नाहीत असं दिसलं की हात मिळवून फ्रेम, म्हणजे तो डाव, सोडणं ही सभ्यता समजतात. पण गंमत बघा, स्नूकरच्या नियमांतही आपली पाळी असेल तेव्हाच फ्रेम सोडता येते. खुर्चीत बसून नाही.

म्हणून सांगतो, शेवटच्या रॅकमध्ये क्यूच्या जोडाला हात लावायचा नाही. ग्लोव्ह काढू नका, चॉक बॅगेत टाकू नका, बॅगेची चेन ओढू नका, हात पुढे करून "वेल प्लेड" म्हणू नका. यातल्या प्रत्येक गोष्टीला नियमात शिक्षा आहेच असं नाही, पण वाद मात्र प्रत्येकीवरून होऊ शकतो. उलट बाजूही तेवढीच धोक्याची. समोरचा हसून मान हलवतो, तुम्हाला वाटतं नऊ दिला आणि तुम्ही बॉल उचलता. तो म्हणतो, मी कुठे दिला? तोंडी स्पष्ट शब्द ऐकल्याशिवाय बॉलला हात नाही. खरं तर शब्द ऐकला तरी पॉट करूनच मोकळे व्हा. दोन सेकंद लागतात.

पुण्याला परत आलो ते रडगाणं घेऊनच. आमच्या पार्लरचे मार्कर काका, म्हणजे टेबलं सांभाळणारे, टेबलावर ब्रश फिरवत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तो नऊ चुकला कशाने? तू समोर बसून स्क्रू फिरवत होतास ना?" माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी ज्याला खुनशी म्हणत होतो, त्याच्या शॉटच्या वेळी हलत होतो मीच. (महागड्या क्यूवर आणि 'पंधरा दिवसांत प्रो' छापाच्या क्लासवर पैसे उडवण्याआधी असा एखादा मार्कर गाठा. तीस वर्षं लोकांना हरताना बघितलेला माणूस फुकट शिकवतो, फक्त चहा पाजावा लागतो.)

आता विचित्र माणसांबद्दल. ती भेटणारच. कोणी तुम्ही वाकलात की बरोबर शॉटच्या रेषेत उभा राहून चॉक घासेल. कोणी तुम्ही रंगात आलात की बाथरूमला जाईल. सगळ्यात वाईट तो गोड बोलणारा: "आज तुमचा ब्रेक काय बसतोय हो! हात जरा उंच धरताय का?" झालं, पुढचे तीन ब्रेक तुम्ही हाताकडे बघत मारणार. एकदा शांतपणे सांगा, नाही ऐकलं तर रेफरी. घाबरू नका, रेफरीला बोलावणं म्हणजे भांडण नव्हे. कट, म्हणजे बॉलच्या कडेला लागणारा तिरका शॉट, इतका बारीक आहे की आधी कुठला बॉल लागेल ते कळणार नाही, अशा वेळी समोरचा वाकण्याआधीच त्याला थांबवा आणि रेफरीला बघायला उभं करा. शॉट झाल्यावर ओरडून उपयोग नसतो. बघणारा कोणी नसेल तर शंकेचा फायदा बहुधा खेळणाऱ्यालाच मिळतो. फाउल सांगायचा तर पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत. शर्टाची बाही लागून दुसरा बॉल हलला तर काय, हे मात्र मॅचआधी विचारून घ्या. काही टूर्नामेंटमध्ये फक्त व्हाइटचा फाउल धरतात, काहींमध्ये कुठल्याही बॉलचा.

आणि कृपा करून अर्ल स्ट्रिकलंड या अमेरिकन पूल खेळाडूची नक्कल करू नका. तो प्रेक्षकांशी हुज्जत घालतो, कानांवर इअरमफ चढवून खेळतो, पण त्याने नाइन-बॉलची यू. एस. ओपन पाच वेळा जिंकलीय. आपण आधी एक तालुका जिंकू. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेस टू १२० अशा मॅरेथॉन मॅचमध्ये फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने त्याला १२०-११७ ने हरवलं. मी बघायला सांगेन तो रेयेस, आणि तोही खुर्चीत बसलेला असताना.

आता मी शेवटच्या रॅकमध्ये क्यू गुडघ्यांमध्ये उभा धरून दोन्ही हात त्याच्यावर ठेवतो. मित्र हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात एका टूर्नामेंटमध्ये पुन्हा सहा-सहा झालं. मी नऊवर वाकलो होतो, आणि समोरचा कॉलेजातला पोरगा मान खाली घालून क्यू खोलत होता. मला आटे फिरताना दिसत होते. मी उभा राहिलो, पुन्हा चॉक लावलं, त्याच्याकडे बघितलं. त्याने वर पाहिलंच नाही. नऊ गेला, त्यामुळे प्रश्न आला नाही. चुकला असता तर मी गप्प बसलो असतो की रेफरीला हाक मारली असती, हे मला आजही सांगता येत नाही. त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नियम सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "काहीतरीच काय दादा, असा कुठे नियम असतो?"