'उपलब्ध नाही' लिहिण्याआधी: अभिलेखागारात कागद काढून देताना या चुका टाळा

सरकारी अभिलेखागारात वाचकांना कागद काढून देण्याच्या कामात माझी २३ वर्षं गेली. दरवर्षी नवी मुलं-मुली रुजू व्हायची आणि दरवर्षी त्याच चुका नव्याने व्हायच्या. हुशारी कमी नव्हती. बहुतेकांना वाटायचं की मोडी वाचणं हे खरं काम आणि रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणणं-ठेवणं हे शिपायाचं. ही समजूत मनात असेपर्यंत पुढचं काहीही नीट होत नाही, म्हणून सुरुवात रुमाल ठेवण्यापासूनच करते.

डमी न लावता रुमाल उचलणं

फडताळातून रुमाल काढला की त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची. आमच्याकडे तिला डमी म्हणत. तिच्यावर मागणी चिठ्ठीचा क्रमांक, तारीख आणि नेणाऱ्याची सही. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमकं तेच वाचवलं जातं.

एका जुलैत, कार्यालय बंद व्हायच्या वेळी, एका नव्या सहकाऱ्याने दोन वेगवेगळ्या विभागांचे रुमाल एकदमच कवेत घेऊन परत नेले. त्याला गाडी गाठायची होती. डमी लावलेल्या नव्हत्याच. एका रुमालाच्या गाठीत खोचलेली क्रमांकाची चिठ्ठी वाटेत पडली होती. त्याने दोन्ही रुमाल रिकाम्या दिसलेल्या एकाच फळीवर सारले आणि तो निघून गेला.

चिठ्ठी पडलेला तो रुमाल अकरा महिने सापडला नाही. तो प्रांत अजमासाचा, म्हणजे एका परगण्याच्या वसुलीच्या अंदाजांचा रुमाल होता. त्या अकरा महिन्यांत सांगलीकडची एक संशोधक मुलगी त्याच्यासाठी तीनदा आली. रात्रीच्या एसटीने यायची, सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असायची. तिन्ही वेळा तिच्या मागणी चिठ्ठीवर आम्ही 'उपलब्ध नाही' लिहिलं. त्यातलं एकदा माझ्या हाताने लिहिलं. तिसऱ्या वेळी तिने काही विचारलं नाही, वही मिटली आणि गेली.

पुढे रंगकामासाठी फडताळं रिकामी करताना तो रुमाल भलत्याच विभागात निघाला. मी त्याच दिवशी तिला फोन केला. प्रबंध दोन महिन्यांपूर्वीच सादर झाला होता आणि त्यात तिने लिहिलं होतं की या परगण्याचे अजमास आज अस्तित्वात नाहीत. ते वाक्य आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पुढचा अभ्यासक ते वाचेल आणि आमच्याकडे येणारच नाही. कागद कसरीने खाल्ला नव्हता, पाण्याने भिजला नव्हता. तो पन्नास पावलांवर होता.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. डमी आधी आत जाते, मगच रुमालाला हात लागतो. परत ठेवताना हातात एका वेळी एकच रुमाल. फळीवरचा क्रमांक आणि रुमालावरचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा. सुरुवातीला मुलांना लाज वाटते. वाटू द्या. डोळे दमले की सातचा नऊ दिसतो. तोंडाने म्हटलं की चूक कानाला लागते.

सगळ्यावर एकच शिक्का: 'उपलब्ध नाही'

माझा सगळ्यात मोठा राग या दोन शब्दांवर आहे. रुमाल जागेवर सापडला नाही, तो दुरुस्तीला गेलाय, स्कॅनिंगला गेलाय, हाताळता न येण्याइतका जीर्ण आहे, आपल्या कार्यालयात कधी आलाच नाही, किंवा नियमाप्रमाणे नष्ट केला गेला: या सहा वेगळ्या गोष्टी आहेत. वाचकासाठी प्रत्येकीचा पुढचा रस्ता वेगळा असतो. दुरुस्तीला गेलेल्यासाठी तो थांबेल, न आलेल्यासाठी दुसऱ्या कार्यालयात जाईल, नष्ट झालेल्यासाठी पर्यायी कागद शोधेल. शासकीय कार्यालयांत 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवतात, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं आणि 'ड' १ वर्ष. क वर्गाचा कागद चाळीस वर्षांनी मागणाऱ्याला 'शोधतो, पुढच्या आठवड्यात या' असं सांगून झुलवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

जागेवर नाही म्हटल्यावर मी ठरलेल्या क्रमाने बघते. वरच्या-खालच्या दोन-दोन फळ्या. मग तोच क्रमांक शेजारच्या विभागात, कारण घडणी आणि रोजकीर्द या हिशेबी कागदांच्या दोन विभागांतले क्रमांक सारखे असले की अदलाबदल होते. मग दुरुस्तीचं टेबल. शेवटी मागणी रजिस्टर: हा रुमाल याआधी कोणी, कधी मागवला होता? निम्म्याहून अधिक वेळा त्या दिवशी परत गेलेल्या इतर रुमालांच्या आसपासच तो सापडतो. सांगलीच्या त्या मुलीसाठी आम्ही रजिस्टर उघडलं नव्हतं.

सन कुठला, हे न विचारणं

वाचक चिठ्ठीवर 'सन ११७९' लिहितो आणि नवा कर्मचारी ते तसंच आत घेऊन जातो. पण हा ११७९ शुहूर (मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा सन) की फसली (महसुली सन)? शुहूर सनात ५९९ मिळवायचे, म्हणजे १७७८-७९. दख्खनी फसलीत ५९०, म्हणजे १७६९-७०. तब्बल नऊ वर्षांचा फरक. एका वृद्ध गृहस्थांना आम्ही याच कारणाने तीन दिवस चुकीचे रुमाल दिले. त्यांच्या घरातल्या नकलेत सन फसली होता, तो आम्ही शुहूर धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी नक्कल पिशवीतून काढून दाखवली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दिवशी 'आजोबा, मूळ कागद आहे का जवळ?' एवढं विचारायला हवं होतं.

दुसरा सापळा वर्ष कधी सुरू होतं याचा. शुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो आणि शक चैत्रापासून. इंग्रजी वर्ष मात्र जानेवारीत बदलतं, म्हणून जानेवारीनंतरच्या पौष-माघातल्या कागदाला एक वर्ष जास्त मिळवावं लागतं. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. नुसते ७८ मिळवले तर १७६० येतं. शुहूर ११६१ मध्ये ५९९ मिळवले तरी १७६० च. प्रत्यक्षात तारीख १४ जानेवारी १७६१ आहे. मी टेबलाच्या काचेखाली हेच उदाहरण लिहून ठेवलं होतं, कारण पानिपतचं साल कोणी विसरत नाही आणि त्यावरून हिशेब ताडून पाहता येतो.

शुहूर सन अक्षरी असला तर एकक आधी येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. 'सबा' सात आणि 'सबैन' सत्तर, यात घाई करू नका. 'मया' शंभर आणि 'मयातैन' दोनशे. एवढा एक अक्षरसमूह नजरेतून सुटला की शंभर वर्षं चुकतात. दहा दिवसांत मोडी शिकवणाऱ्या वर्गांतून आलेली मुलं अक्षरं पटापट लावतात, पण सन वाचताना अडखळतात. जंत्री, म्हणजे जुने सन आणि इंग्रजी तारखा यांचा मेळ देणारं कोष्टकांचं पुस्तक, हाताशी ठेवा. मोबाईलवरच्या हिशेबाने मिळालेलं साल जंत्रीत पाहिल्याशिवाय चिठ्ठीवर चढवू नका.

थोडक्यात, पण याही टाळाच

मुंबईच्या जुन्या इंग्रजी दफ्तरात नुसता व्हॉल्यूम क्रमांक पुरत नाही. खातं आणि वर्ष दोन्ही लागतात, कारण नव्या वर्षाबरोबर क्रमांक पुन्हा सुरू होतात.

आजच्या नावाने यादी धुंडाळू नका. कंपनी सरकारच्या यादीत रत्नागिरी 'रटनाघेरी' आणि ठाणे 'टॅन्ना' असतं. रायगड तर १९८१ पर्यंत कुलाबाच होता. मराठवाड्याचा माणूस आला तर १९४८ पर्यंत तो भाग निजामाच्या राज्यात होता हे आधी आठवा.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला येणाऱ्यांची रीघ लागली. हातात आजोबांचं नाव, मुदत जवळ आलेली, आवाज चढलेला. त्यांच्यावर चिडू नका. बऱ्याच जणांना हवा असतो गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) किंवा जुना फेरफार, आणि ते शोधायला तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठावा लागतो. ते कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं बाहेर पडेपर्यंत विसरलं जातं आणि माणसाचा दिवस फुकट जातो.

सुती हातमोजे घालून पानं उलटू नका. बोटांची जाणीव जाते आणि जीर्ण कड तुटते. धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात उत्तम. सॅनिटायझरचे ओले हात नकोत, आणि थुंकी लावलेलं बोट तर मुळीच नको. काजळीची शाई ओलीने लगेच फाकते.

टेबलावर पेन नको, शिसपेन्सिल द्या.

पुडक्यातले कागद तारखेप्रमाणे लावून देण्याची हौस असणारे वाचक असतात. त्यांना तिथेच थांबवा. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, हीही माहितीच आहे.

गाठ करकचून बांधू नका. दोन्ही बाजूंना पुठ्ठे घाला आणि मग बांधा, नाहीतर कापड कडा कापतं. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर रुमाल वाचकाच्या टेबलावर न नेता वेगळा ठेवा आणि जतन विभागाला कळवा. तिथेच फडक्याने झटकलात तर ती बुरशी खोलीभर होते.

फोटो काढायची परवानगी असेल तर फ्लॅश बंद. आणि वाचकाला पहिला फोटो मागणी चिठ्ठीचाच काढायला लावा. चारशे पानांचे फोटो घेऊन गेलेली माणसं सहा महिन्यांनी विचारतात, हे कुठल्या रुमालातलं? ते कोणालाच सांगता येत नाही, आणि संदर्भाशिवाय तो कागद लेखात वापरता येत नाही.

संध्याकाळी निघण्याआधी त्या दिवशीच्या चिठ्ठ्या, टेबलावर राहिलेले रुमाल आणि फडताळातल्या डमी यांचा मेळ घाला. एक जरी कमी-जास्त आला तर दिवे घालवू नका. माझी कितीतरी वेळा सहाची बस यामुळे चुकली, पण त्या अकरा महिन्यांनंतर एकही रुमाल आमच्याकडून हरवला नाही.