ईमला जाताय? चहाआधी चर्चच्या आवारात जा

शेफील्डला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी डर्बीशरमधल्या ईमला नेते. स्पेलिंग बघून सगळे 'एयाम' म्हणतात, पण गावकरी म्हणतात 'ईम'. गाडीतून उतरल्याबरोबर पाहुण्यांना चहा आणि स्कोन हवा असतो. माझं म्हणणं, आधी चर्चच्या आवारात चला.

तिथे कॅथरिन मॉम्पेसनची कबर शोधा. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापड आलं आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं गाव सांगतं. पुढच्या उन्हाळ्यात धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी लोकांना वेशीबाहेर न जाण्याबद्दल राजी केलं. कॅथरिन त्यांची बायको, तीही ऑगस्टमध्ये गेली. गावातली एकूण सुमारे २६० माणसं दगावली. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. इथे गावानं आपणहून वेस बंद केली. मी पुण्याची, त्यामुळे इथे आले की हे आठवतंच.

मग शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवरच्या सीमेच्या दगडापर्यंत चालत जा. बूट चांगले घाला, पावसात पायवाटेचा चिखल होतो. दगडाला सहा भोकं आहेत. बोट घालून बघा, कडा गुळगुळीत झाल्यात. नाण्यांवरून रोग जाऊ नये म्हणून या भोकांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवायचे आणि बाहेरची माणसं पैसे उचलून धान्य ठेवून जायची.

पाय थकले नसतील तर दुसऱ्या बाजूला रायली नावाच्या शेतातल्या कबरी बघा. एलिझाबेथ हॅनकॉकनं १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. तिथे फोटोची घाई करू नका.

परतताना पॅरिश कौन्सिलच्या फलकापाशी थांबा. ही इथली ग्रामपंचायत, १८९४ च्या कायद्यानं आलेली. गाव आज कशावरून भांडतंय ते तिथे कळतं.

जमलं तर ऑगस्टअखेरीस या. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्लेगची आठवण म्हणून उघड्यावर प्रार्थना होते आणि त्याच सुमारास विहिरी सजवतात, म्हणजे फुलांच्या पाकळ्यांची चित्रं करून विहिरींपाशी लावतात. लाकडी चौकटीत ओली माती थापायची, कागदावरचं चित्र टोचून त्यावर उतरवायचं, मग पाकळ्या दाबायच्या. हात लावायला मिळतो का, जरूर विचारा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वरून सुरुवात केली. शेजारच्या आजींनी न बोलता माझ्या पाकळ्या काढल्या आणि खालून लावून दाखवल्या. कौलं शाकारतात तशी वरची पाकळी खालचीवर यायला हवी, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं.

जाण्याआधी नखं कापा. ती माती दोन दिवस निघत नाही.