कॅलिफोर्नियात ठिपकेवाली मुनिया कशी ओळखायची

लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटी, सॅन डिएगो या पट्ट्यात राहत असाल आणि वाढलेल्या गवतावर चिमणीहून लहान तपकिरी पक्ष्यांचा थवा उतरला तर थांबून बघाच, आपल्याकडे बांधावरच्या गवतात दिसते तीच ठिपकेवाली मुनिया असू शकते. पिंजऱ्यात पाळायला म्हणून परदेशी नेलेले हे पक्षी सुटले आणि तिथेच वाढले, 2013 मध्ये अमेरिकन बर्डिंग असोसिएशन या पक्षीनिरीक्षकांच्या संस्थेने त्यांना आपल्या पक्ष्यांच्या यादीतही घेतलं. जुन्या फील्ड गाईडमध्ये नटमेग मॅनिकिन नावाने शोधा.

पूर्ण वाढलेला पक्षी असेल तर काम सोपं. डोकं नि गळा गडद चॉकलेटी, खालून पांढरा आणि छातीवरच्या प्रत्येक पिसाला काळसर कड, त्यामुळे माशासारखे खवले दिसतात. चोच जाड, त्रिकोणी, काळपट राखाडी. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

खरी गडबड पिल्लांची होते. त्यांच्या अंगावर खवले नसतात, पूर्ण पक्षी फिकट तपकिरी, कोराच, मग लोक त्याला हाऊस फिंच या तिथल्या नेहमीच्या पक्ष्याची मादी म्हणून मोकळे होतात. पण तिच्या छातीवर उभ्या अस्पष्ट रेघा असतात आणि ती आकारानेही मोठी असते, मुनियाच्या पिल्लाला एकही रेघ नसते, चोच मात्र तशीच जाड आणि गडद. लेसर गोल्डफिंच हा तिथला दुसरा छोटा पक्षी वाटला तर पंखावर पांढरे पट्टे आणि अंगावर पिवळेपणा शोधा, मुनियाला ते नसतात. तरीही शंका राहिली तर शेजारी कोण बसलंय ते बघा, थव्यात बहुतेक वेळा एखादा तरी खवलेवाला असतोच, आणि पिसं बदलणाऱ्यांच्या छातीवर अर्धेमुर्धे खवले सापडतात.

ब्राँझ मॅनिकिन ही मुनियाची जातभाईही काही ठिकाणी सुटलेली आहे, पण तिचं डोकं काळपट, पोट स्वच्छ पांढरं, पट्टे फक्त कुशीला आणि चोचीचा खालचा भाग फिकट. लाल चोचीची, डोक्यावर पट्टे असलेली बारकी पक्षीण दिसली तर ती पिन-टेल्ड व्हायडा या पक्ष्याची मादी असू शकते, आणि ती तिथे येते कारण तिकडे ती अंडी मुनियाच्या घरट्यात घालते, म्हणून जिथे व्हायडा दिसेल तिथे मुनिया शोधाच.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना नुसता आकडा नको, मोठे किती पिल्लं किती ते लिहा, फोटो छातीचा समोरून घ्या. गवताची काडी चोचीत घेऊन जाताना किंवा पिल्लांना भरवताना दिसली तर तेही आवर्जून लिहा, तिथे वीण होतेय हे त्यावरूनच कळतं.