एकिनेशिया घेण्यापूर्वी या चुका टाळा

कोरोनाच्या साथीनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून जी औषधे तालुक्याच्या मेडिकलमध्ये दिसू लागली आणि कुरिअरने थेट गावात येऊ लागली, त्यांत एकिनेशिया ही एक आहे. होमिओपॅथीच्या दुकानात ती आधीपासूनच, बहुधा ‘इचिनेशिया’ या नावाने, लहान बाटलीत मिळत होती. आता तिच्या गोळ्या, कॅप्सूल आणि चहाच्या पुड्याही मिळतात. ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची, सूर्यफुलाच्या कुळातली, जांभळट गुलाबी पाकळ्यांची आणि फुलाच्या मधोमध काटेरी उंचवटा असलेली आहे. ती विषारी मानली जात नाही आणि थोड्या दिवसांसाठी घेतल्यास बहुतेक निरोगी प्रौढांना तिचा फारसा त्रास होत नाही. विदर्भातल्या खेड्यात खरा धोका दोन ठिकाणी आहे. ज्यांनी ती घेऊ नये तेच लोक ती घेतात, आणि तिच्या भरवशावर घरातला ताप अंगावर काढला जातो.

तापाला सर्दी समजणे

एकिनेशियाबद्दल जे काही थोडेफार पुरावे आहेत, ते साध्या सर्दीपुरते आहेत. कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २४ चाचण्या आणि ४,६३१ सहभागी होते. सर्दी बरी करण्यात तिचा ठाम फायदा त्यातून सिद्ध झाला नाही, काही उत्पादनांचा किंचित उपयोग होत असावा, एवढेच म्हणता आले. अमेरिकेत ७१९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची सर्दी सुमारे अर्धा दिवस आधी गेली, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. अर्ध्या दिवसासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सर्दी आपोआप बरी होते, म्हणून तिथे चूक झाली तरी खिशालाच चटका बसतो. तापाचे तसे नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत विदर्भात अंग मोडून ताप आला, तर तो हिवताप, डेंग्यू किंवा स्क्रब टायफस असू शकतो. गडचिरोलीत हिवतापाच्या रक्ततपासणीला उशीर करणे म्हणजे काय, हे तिथल्या आशाताईंना विचारावे. स्क्रब टायफसची साथ २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत येऊन गेली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या या आजारात काही रुग्णांच्या काखेत, जांघेत किंवा कमरेच्या घडीत, बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला तिची खबरही नसते. कपडे बाजूला सारून बघितल्याशिवाय ती सापडत नाही. वेळेवर निदान झाले तर हा आजार स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो, आणि ते काम एकिनेशियाची कोणतीही गोळी करू शकत नाही.

ज्या घरात सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, रुग्ण आहे, आणि विदर्भात अशी घरे पुष्कळ आहेत, तिथे तर ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या रुग्णांची प्लीहा नीट काम करत नसल्याने साधा वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. ‘प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणून इम्युनिटीचे औषध देऊ’ हा विचार वरवर बरोबर वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

गाजर गवताचा त्रास लपवणे

ही चूक विदर्भाच्या लेखात आवर्जून लिहावी अशी आहे. एकिनेशिया ज्या कुळातली, त्याच कुळात झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडई आणि गाजर गवत येतात. या कुळातल्या एका वनस्पतीची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसरीचीही होण्याची शक्यता असते, म्हणून युरोपातल्या एकिनेशियाच्या पाकिटांवर तसा स्पष्ट इशारा छापलेला असतो. गाजर गवताची भारतातली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि नंतर ते देशभर पसरले. आज वावराच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या मैदानातही ते कमरेएवढे वाढलेले दिसते. निंदणाला जाणाऱ्या बायकांच्या कोपराच्या खोबणीत, मानेवर आणि पापण्यांवर जे खाजरे, जाड, काळपट चट्टे पडतात, त्यामागे अनेकदा हेच गवत असते.

असे चट्टे ज्यांना दर पावसाळ्यात पडतात, किंवा झेंडूच्या तोडणीच्या दिवसांत ज्यांना शिंका आणि दम्याचा त्रास होतो, त्यांनी एकिनेशिया घेऊच नये. प्रत्येकाला रिॲक्शन येईलच असे नाही. पण सर्दीसाठी घेतलेल्या औषधाने श्वास कोंडला, तर तो सौदा फार महाग पडतो. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘कशाची ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण गवताने येणारी खाज ही ॲलर्जी आहे असे त्यांना वाटतच नाही. ते सांगावे.

बाटलीवरचे न वाचणे

एकिनेशियाच्या तीन जाती औषधात वापरतात: पर्पुरिया, अँगुस्टिफोलिया आणि पॅलिडा. त्यांतली रसायने सारखी नाहीत, आणि एकाच जातीच्या मुळात व पानाफुलांतही फरक असतो. १९३० च्या दशकात जर्मनीचे औषधनिर्माते गेरहार्ड माडाउस यांना अँगुस्टिफोलियाचे बी हवे होते, ते पर्पुरियाचे निघाले, आणि तेव्हापासून युरोपातले बरेचसे काम पर्पुरियाच्या ताज्या रसावरच झाले. म्हणून ज्या लेबलवर जात, वनस्पतीचा भाग आणि अर्काचे प्रमाण यांपैकी काहीच लिहिलेले नाही, त्या बाटलीला एखाद्या चाचणीचा निष्कर्ष लावण्यात अर्थ नाही. लेबलवर ‘प्राचीन आयुर्वेदिक’ असे लिहिले असेल, तर ती बाटली परत ठेवावी. अमेरिकेच्या माळरानावरची ही वनस्पती आपल्या जुन्या संहितांत असणे शक्यच नाही.

होमिओपॅथीच्या बाटलीवर क्यू असे लिहिलेले असेल तर तो मूळ अर्क असतो आणि त्यात मद्यार्क असतो. ज्याने दारू सोडली आहे त्याला, लहान मुलाला किंवा यकृताच्या रुग्णाला तो देऊ नये. ३० किंवा २०० पोटन्सीच्या गोळ्यांत मात्र वनस्पतीचा अंश जवळपास उरतच नाही, त्यामुळे एकाचे गुणदोष दुसऱ्याला चिकटवू नयेत.

मुळाच्या पावडरीत भेसळीची जुनी परंपरा आहे. अमेरिकेत एकिनेशियाच्या मुळाच्या नावाखाली जी वनस्पती विकली जात असे, ती पार्थेनियम इंटेग्रिफोलियम, म्हणजे आपल्या गाजर गवताची सख्खी चुलत बहीण. नावगाव नसलेली पावडरीची सुटी पुडी त्यामुळे घेऊच नये. धुऱ्यावर उगवणारी उटकटारी ही एकिनेशिया नव्हे. शास्त्रीय नावे थोडी सारखी दिसतात म्हणून तिचे मूळ उकळून पिणे ही निराळीच चूक आहे.

ज्यांनी घेऊ नये

क्षयरोगाचा उपचार चालू असलेल्यांनी, एचआयव्हीबाधितांनी, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांनी आणि आमवात किंवा ल्युपससारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार असलेल्यांनी ती टाळावी. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची गोष्ट तर उघड आहे: त्याची प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात आणि घरचे लोक ती वाढवायला निघतात. यकृत ज्या विकरांच्या (एन्झाइम्सच्या) मदतीने औषधे पचवते, त्यांतल्या काहींवर एकिनेशियाचा परिणाम होतो, म्हणून नेहमीची औषधे चालू असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी पुरेशी माहिती नाही, तेव्हा त्यांनीही दूर राहिलेले बरे.

मुलांबाबत माहिती स्पष्ट आहे. अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या ४०७ मुलांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्दीला काहीही फायदा दिसला नाही. उलट औषध दिलेल्या ७.१ टक्के आजारपणांत अंगावर पुरळ आले, तर नुसते सरबत दिलेल्यांत हे प्रमाण २.७ टक्के होते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे सांगितले. तरीही मुलाच्या डब्यासोबत ही गोळी देणारे पालक आहेत.

वर्षभर चालू ठेवणे आणि काढ्यात मिसळणे

युरोपीय औषध संस्थेच्या शिफारशीनुसार पर्पुरियाचा रस सर्दीच्या पहिल्या लक्षणापासून, जास्तीत जास्त १० दिवस घ्यायचा असतो. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एक, असा हा प्रकार नाही. गुळवेल, तुळस, अश्वगंधा आणि वर एकिनेशिया असे सगळे एकत्र उकळले, तर त्रास झाल्यावर कशाचा झाला हेच कळत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आपल्या जागी, पण दीर्घकाळ घेण्याच्या बाबतीत सावध राहण्यास तो पुरेसा आहे.

सापाच्या विषावर उतारा समजणे

अमेरिकेतले मूळ रहिवासी ही वनस्पती सर्पदंशावर वापरत, आणि नेब्रास्काच्या मेयर नावाच्या विक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा ‘रक्तशुद्धी’चा अर्क रॅटलस्नेकच्या विषावर उतारा म्हणून विकला. तो दावा आजही फिरतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर फक्त प्रतिविषाची लस चालते, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा बहुधा दुखतही नाही. पाय हलवू न देता, न कापता, न आवळता १०८ ला फोन करावा. बाटली शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

घेतल्यावर काही झाले, तर काय करावे

मुळाचा अर्क जिभेवर ठेवताच अक्कलकाढ्याच्या फुलासारखी चुणचुण होऊन जीभ थोडा वेळ बधिर होते. दोन्हींत एकाच प्रकारची रसायने असल्याने असे होते. ही ॲलर्जी नव्हे आणि ती आपोआप जाते. पोटात मळमळले तर औषध जेवणानंतर घेऊन पाहावे, तरीही थांबले नाही तर बंद करावे. अंगावर पुरळ किंवा पित्त उठले तर लगेच बंद करावे आणि पुन्हा ‘कमी घेऊन बघू’ असे करू नये. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला किंवा दम लागला, तर वाट न बघता जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक लागतो, म्हणून पाकीट फेकू नये.